नावाखालच्या ओळी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेच्या माणसांनी आमच्या गावाचे नाव परत आणले आणि अंगणातल्या चिखलात टाकले.

ट्रकवरून तो काळा दगड उतरवताना चौघांनी मिळून त्याला, त्याच्या कोरणाऱ्याला आणि एकूणच दगड या जातीला शिव्या घातल्या. शेजारचा गास्पार न्हावी कुंपणाला टेकून उभा होता. वीज नव्हती, गरम पाणी नव्हते, म्हणून गिऱ्हाइके नव्हती आणि त्यामुळे त्याला दिवसभर बोलायला सवड होती.

"नहापेत," तो माझ्या वडिलांना म्हणाला, "या खेपेला खडूनंच लिही बाबा. ओल्या फडक्यानं पुसता तरी येईल."

बाबा हसले नाहीत. दोनच वर्षांपूर्वी याच दगडावर त्यांनी तेवीस दिवस खपून 'कुमायरी' ही अक्षरे कोरली होती. दगड येरेव्हानच्या रस्त्यावर, गावाच्या वेशीशी उभा होता. त्याच्या पाठीमागे, अर्धवट तासून काढलेली, 'लेनिनाकान' ही जुनी अक्षरे होती. ऊन तिरपे पडले की ती वर यायची, बुडालेल्या माणसाचा चेहरा पाण्याखालून यावा तशी.

आमच्या पश्चिमेला नदी आहे आणि नदीपलीकडे तुर्कांचे राज्य. सरहद्दीवरच्या गावाला नाव ठेवतात ते तिथे राहणाऱ्यांना हाक मारण्यासाठी नव्हे, पलीकडच्या तीरावर ऐकू जावे म्हणून. एका झारने इथे किल्ला बांधला आणि ग्युमरी नावाच्या आमच्या गावाला आपल्या राणीचे नाव देऊन टाकले: अलेक्सान्द्रोपोल. त्याच्या वंशाचे राज्य बुडाले, तुर्क दोनदा आले, दोनदा गेले, मग लाल झेंडा आला आणि आम्ही एका नुकत्याच मेलेल्या पुढाऱ्याच्या नावाने लेनिनाकान झालो. तो झेंडा उतरू लागला तेव्हा कुणा पंडिताने पोथ्यांतून सर्वांत जुने नाव उकरून काढले, कुमायरी. आणि आता पालिकेच्या नामसमितीला साक्षात्कार झाला होता की लोकांच्या तोंडात ग्युमरीच आहे. लोकांच्या तोंडात त्या हिवाळ्यात माणशी अडीचशे ग्रॅम पावही जात नव्हता. पण नाव मात्र योग्य तेच असले पाहिजे.

मी हे रागाने लिहीत आहे. भूकंप होऊन तीन वर्षे आणि तीन महिने झाले होते, आणि आम्ही अजून लोखंडी डब्यात राहत होतो.

रशियन शिपायांनी ते डबे आणून ठेवले तेव्हा त्यांना ते 'छोटे घर' म्हणत. आमच्या अंगणात, पडक्या घराच्या जोत्याशेजारी, असे एक छोटे घर होते. त्यात बाबा, मी, माझी भावजय नाझेली आणि तिची पाच वर्षांची शोघेर, असे आम्ही चौघे. हिवाळ्यात आमचाच श्वास पत्र्यावर गोठायचा. सकाळी शोघेरचे केस भिंतीला चिकटलेले असायचे आणि नाझेली कोमट पाण्याचा बोळा लावून ते एकेक सोडवायची, दात आवळून. माझा भाऊ गेघाम नव्हता. तो नऊ मजली इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, ताप आल्यामुळे घरी झोपलेला, सकाळी अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी गेला. नाझेली पोरीला घेऊन दुधाच्या रांगेत उभी होती, म्हणून त्या दोघी उरल्या.

गेघामही पाथरवटच होता. बाबांच्या हाताखाली शिकला. पण लग्नानंतर त्याला नळ हवा होता, न्हाणीघर हवे होते, लिफ्ट हवी होती. नव्या घरी बाबा एकदाच गेले. त्यांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "ही बोलत नाही रे." गेघाम हसला होता. "बाबा, काँक्रीट आहे ते. काँक्रीट कशाला बोलतंय?"

त्या इमारतीच्या ढिगाऱ्यातले काँक्रीट मी मुठीत दाबले होते. त्याची वाळू झाली होती.

*

दगड आल्याच्या दुसऱ्या दिवशी बेनिक माल्खास्यान आला. नामसमितीचा तो प्रमुख. अंगावर चांगला लोकरी कोट, पायांत चिखल न लागलेले बूट, म्हणजे दारापर्यंत गाडी आली होती.

"उस्ताद! तब्येत दगडासारखी ना?"

"दगडाला भेगा असतात," बाबा म्हणाले. "बसा, साहेब. का कॉम्रेडच म्हणू?"

"आता श्रीमान म्हणायचं असतं, उस्ताद. पण तुम्ही आपलं बेनिकच म्हणा." तो उपड्या बादलीवर बसला आणि त्याने आपला ठेवणीतला विनोद काढला. "माझे वडील अलेक्सान्द्रोपोलला जन्मले, लग्न लेनिनाकानला केलं, वारले कुमायरीला, आणि आयुष्यात घराचा उंबरठा ओलांडला नाही!"

हा विनोद तो प्रत्येक सभेत सांगायचा. लोक प्रत्येक सभेत हसायचे. त्याच्या वडिलांचे घर दगडी होते आणि ते पडले नव्हते.

नाझेलीने चहा आणला. साखर नव्हती, म्हणून वाळवलेल्या जर्दाळूंची वाटी ठेवली. बेनिकने तीन जर्दाळू खाल्ले. मी ते मोजले. मी त्याचे सगळेच मोजत असे.

"हे पाहा," तो म्हणाला, "ईस्टरपर्यंत दगड उभा राहिला पाहिजे. दोन वर्षांपूर्वीचं नाव तासा, त्याच जागी 'ग्युमरी', ठळक. आणि खाली, पायाशी, जुन्या रीतीचा लेख हवा. आपल्या देवळांवर असतो तसा. कोणी उभारला, कुठल्या साली, त्याचं काम काय, वाचणाऱ्यानं आठवण ठेवावी. सत्तर वर्षं आपल्याला असं काही लिहू दिलं नाही त्यांनी. आता लिहू या."

आमच्याकडे दगड मुका उभा करत नाहीत, हे खरे आहे. हजार वर्षांच्या भिंतींवर, क्रूसाच्या दगडांवर, पुलांच्या कमानींवर, पायाशी लहान अक्षरांत हा लेख असतो. राजे विसरले गेले, पण ज्याने झऱ्याला दगडी तोंड बसवले त्या अमक्याच्या मुलाचे नाव उरले आहे.

"नाव कोणाचं?" बाबांनी विचारले.

बेनिकने नजर खाली घातली. लाजणाऱ्या वधूसारखी. "समितीचा प्रमुख मीच, तर..."

"नाव घातलं की कामही घालावं लागतं. माझा बाप म्हणायचा, काम न लिहिता नुसतं नाव कोरलं तर ती दुकानाची पाटी होते."

"घाला ना! अर्धं शहर मी बांधलंय, उस्ताद. तुमच्या लेकीला विचारा. तिच्या पालिकेतल्या दप्तरात सगळं आहे." आणि त्याने हसत माझ्याकडे बोट केले. "काय, अर्शालुस? आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

उठता उठता तो नाझेलीकडे वळला. रेल्वेपलीकडे दुमजली दगडी घरे उभी राहत होती. यादीत तिचे नाव एकशे बारावे होते. "ईस्टरपर्यंत ते पहिल्या दहात येईल, बेटी. उस्तादांच्या हातांचा मान आहे तो."

तो गेल्यावर नाझेलीने डब्यात जाऊन दार लावून घेतले. मला वाटले, रडत असेल. दार उघडून पाहिले, तर ती आपला निळा लग्नातला पोशाख जमिनीवर पसरून कात्रीने कापत होती.

"पडदे," ती म्हणाली. "दगडी घराला खिडक्या असतात, ताई. माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं."

*

मी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात वीस वर्षे नोकरी केली आहे. एकोणनव्वदच्या वसंतात, तळघरातल्या भिजलेल्या फायली वाळवायला दोरीवर टांगल्या होत्या, तेव्हा त्यांतल्या एका कागदावर मला गेघामच्या इमारतीचा क्रमांक दिसला. स्वीकृतिपत्र होते. 'इमारत तपासली, काम उत्तम, राहण्यास योग्य.' तारीख एकोणतीस डिसेंबर एकोणिसशे एकोणऐंशी. वर्षाचा सरकारी बांधकामाचा आकडा पुरा करायला दोन दिवस उरलेले. खाली सही: मुख्य अभियंता, बे. माल्खास्यान.

तो कागद घेऊन मी चौकशी अधिकाऱ्याकडे गेले. त्याने वर्षभर तो ठेवून घेतला आणि मग परत दिला. म्हणाला, "बाई, लेनिनाकानच्या फायली आता बंद झाल्या. आता कुमायरी आहे." त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, आणि तेच भयंकर होते. तेव्हा मला कळले की नावे का बदलतात. माणूस आपले नाव बदलून पळतो तेव्हा त्याला आपण फरारी म्हणतो. इथे माणसे जागच्या जागी राहिली आणि त्यांनी गावाचे नाव बदलले.

घरी मी काहीच बोलले नाही. बाबांच्या हातात सदा हातोडा असतो, म्हणून, असे मी स्वतःला सांगत असे. नाझेली आधीच अर्धी झाली होती, म्हणून. पण खरे सांगायचे तर रागाचीही मालकी असते. गल्लीत सगळ्यांचे दुःख सारखेच होते, रांगेत वाटलेल्या पावासारखे. हा एक कागद तेवढा माझा एकटीचा होता. रोज संध्याकाळी मी तो उशीखालून काढत असे, सही पाहत असे आणि पुन्हा ठेवत असे, आणि माझे जगणे त्याच्या उबेवर चालले होते. ही माझी चूक होती. त्यापेक्षा सौम्य शब्द मला इथे वापरायचा नाही.

पण आता त्याच माणसाच्या हातून आम्ही घर घेणार होतो. नाझेली शोघेरला सांगू लागली होती की तुझी खाट खिडकीजवळ, तुझे केस आता भिंतीला चिकटणार नाहीत. मी ते ऐकत होते आणि उशीखालचा कागद चाचपत होते.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा जुनी अक्षरे तासत होते. छिन्नीखालून 'कुमायरी'चे शेवटचे अक्षर धूळ होऊन उडाले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, त्याचं काम लिहायचंय ना?"

"हं."

"हे घ्या." मी कागद पुढे केला.

त्यांचा चष्मा दोरीने बांधलेला होता. त्यांनी कागद दूर धरला, जवळ धरला, पुन्हा दूर धरला. मी हातोड्याकडे पाहत होते. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"डिसेंबर," ते म्हणाले. "त्या वर्षी थंडी कशी होती?"

"बाबा!"

"विचारतोय ते सांग."

"उणे वीस, बावीस. नदी गोठली होती."

"म्हणजे वरचे मजले नोव्हेंबर-डिसेंबरात ओतले. गोठलेलं काँक्रीट." ते कारागिरासारखे विचार करत होते. त्यांचा आवाज सपाट होता, आणि मी त्या सपाटपणाला घाबरले. "ते धरत नाही. आतलं पाणी बर्फ होतं, उन्हाळ्यात निघून जातं, आणि भोकं उरतात. शिकाऊ पोरालाही माहीत असतं. यालाही माहीत होतं." मग त्यांनी मान वर केली. "आणि तुला?"

"तीन वर्षं."

त्यांनी मला मारले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "कागद इथं ठेव. दगड ठेव त्यावर, उडेल. आणि नाझेलीला मी सांगेन."

पण त्यांनी तिला सांगितले नाही. मीही विचारले नाही. आमच्या घराण्यात गप्प बसणे बापाकडून लेकीकडे आले आहे, नाकासारखे.

*

पुढचे पाच आठवडे दगडाभोवती गोणपाटाचा आडोसा होता. आतून टकटक यायची, आधी मोठ्या अक्षरांची दमदार, मग लहान अक्षरांची बारीक, चोच मारल्यासारखी. गास्पार रोज येऊन विचारायचा.

"नहापेत, नाव बदललं की नाही अजून? घाई कर बाबा. हे संपायच्या आत समिती पुन्हा बसेल."

"दाढी कर जा कुणाची तरी."

"कुणाची करू? थंड पाण्यानं केली तर गिऱ्हाईक तुझ्याकडे येईल, थडग्याची मापं द्यायला."

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सकाळी बेनिक आला. सोबत क्रेन होती, एक छायाचित्रकार होता आणि पालिकेचे दोघे जण होते. गल्ली जमली. नाझेलीने शोघेरला धुतलेला झगा घातला होता, स्वतःच्या केसांना फणी केली होती. बाबांनी गोणपाट ओढले.

वर 'ग्युमरी'. इतकी सुंदर अक्षरे त्यांनी आयुष्यात कोरली नव्हती. बेनिकच्या तोंडून "वा, उस्ताद, वा!" निघाले आणि छायाचित्रकाराने कॅमेरा उचलला. मग बेनिक लहान अक्षरे वाचायला वाकला. आपले नाव शोधायला माणूस वाकतो, तसा.

सन १९९२. हे नाव उभारले आर्शाकचा पुत्र बेनियामिन माल्खास्यान याने. याच बेनियामिनने लेनिनाकान नगरात, १९७९ च्या डिसेंबरच्या एकोणतिसाव्या दिवशी, गोठलेल्या काँक्रीटचे नऊ मजली घर राहण्यास योग्य ठरवले आणि सही केली. नवव्या वर्षी त्या घराखाली त्रेचाळीस जीव गेले. वाचणाऱ्या, याची आठवण ठेव. कोरणारा नहापेत.

त्याने ते दोनदा वाचले. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"ही काय चेष्टा आहे, उस्ताद?"

"काम लिहा म्हणालात. लेकीच्या दप्तरात आहे म्हणालात. होतं."

"पंचवीस जणांच्या सह्या लागतात एका इमारतीला! वरून हुकूम यायचा. मी केली नसती तर दुसऱ्यानं केली असती."

"मग त्या पंचविसांनीही दगड मागवावेत," बाबा म्हणाले. "मी कोरेन. हात अजून चालतात."

गर्दीतून कोणीतरी हसले. ते हसणे गास्पारचे नव्हते. गास्पारची टोपी त्याच्या हातात होती.

"मी वाईट माणूस नाही," बेनिक म्हणाला, आणि मला वाटते, त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. "माझीही बहीण गेली त्या दिवशी. कोणाला सोडलंय त्या भूकंपानं? ते लेनिनाकान होतं, उस्ताद. ते मेलं. त्याच्याबरोबर पुरा ना हे सगळं. आपण नवी सुरुवात करतोय." मग बाबांचा चेहरा पाहून त्याने बोलणे वळवले. तो नाझेलीकडे गेला. "बेटी, तू सांग यांना. खालच्या ओळी तासायला एक दिवस लागेल. घर तुझं आहे. आत्ता, इथं, सही करून देतो. नाहीतर..." त्याने हात पसरले. "यादी ही यादी असते."

नाझेली अजून दगड वाचतच होती. ती हळू वाचते, ओठ हलवत. ओठ थांबले.

बाबांनी छिन्नी आणि हातोडा उचलला, तिच्यापुढे धरला. "नवरा तुझा होता," ते म्हणाले. "घरही तुझं आहे. तुला वाटलं तर मी काढतो, मुकाट्यानं काढतो. नाहीतर तू काढ. मी ठरवणार नाही."

"आत्ता विचारताय?" नाझेली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण गल्लीतली बारीक कुजबुज थांबली. "पाच आठवडे गोणपाटाच्या आत बसून कोरलंत, बाबा, आणि मी बाहेर पडदे शिवत होते. आत्ता विचारताय?" मग माझ्याकडे वळून, "ताई, तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"एकोणनव्वदपासून. याच्या सहीचा कागद माझ्या उशीखाली होता."

"म्हणजे तीन वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस. मी रोज देवाला विचारत होते की माझं काय चुकलं, दुधाच्या रांगेत का गेले, त्याला एकटं का ठेवलं. तू ऐकत होतीस. आणि तुझ्या उशीखाली उत्तर होतं." ती माझ्या इतकी जवळ आली की तिचा श्वास मला लागला. "तुला काय वाटलं, मी फुटेन? मी लोखंडाच्या डब्यात पोर वाढवलंय. मी फुटेन?"



बेनिकने संधी पाहिली. "बघा, सून शहाणी आहे. हिला विचारायलाच हवं होतं. काढ बेटी त्या ओळी, आणि..."

"तुम्ही थांबा हो जरा." नाझेलीने छिन्नी आणि हातोडा घेतला. तो तिला जड गेला. ती दगडासमोर उभी राहिली आणि छिन्नीच्या टोकाने, शाळेतली बाई फळ्यावर दाखवते तशी, एकेक शब्द दाखवत गेली. "हे गावाचं नाव. हे यांचं. हे यांच्या बापाचं. हे गावाचं जुनं नाव, तेही राहिलं. हे तुमचं, बाबा, कोरणारा नहापेत. आणि हे काय? त्रेचाळीस. त्रेचाळीस काय असतं? बटाटे असतात त्रेचाळीस. गेघामचं नाव कुठंय?"

बाबांनी तोंड उघडले. रीत तशीच होती: उभारणाऱ्याचे नाव, कोरणाऱ्याचे नाव. हजार वर्षे तशीच होती. त्यांनी रागाच्या भरातही रीत मोडली नव्हती, आणि स्वतःच्या मुलाला आकड्यात मोजले होते. ते त्यांना आत्ता, सगळ्या गल्लीसमोर कळले. बाबांचे खांदे असे खाली आलेले मी ढिगाऱ्यापाशीही पाहिले नव्हते.

"नाही घातलं," ते म्हणाले.

"चार चार नावं ठेवलीत एका गावाला," नाझेली म्हणाली, "आणि माणसाला एक नाही." तिने छिन्नी बेनिकच्या पायाशी टाकली. चिखल उडून त्याच्या बुटांवर पडला. "तुमचं नाव राहू दे, साहेब. तुम्ही मागितलंत, तुम्हाला मिळालं. आता जा."

"एकशे बारा," बेनिक म्हणाला. रागाने त्याचा आवाज पातळ झाला होता. "समजतंय ना? एकशे बारा. आणि हा दगड वेशीवर उभा राहणार नाही. दुसरा पाथरवट मिळेल."

"मिळेल," नाझेली म्हणाली.

क्रेन मागे वळताना कुंपणाचा एक खांब मोडून गेली. छायाचित्रकार शेवटी चढला. चढण्याआधी त्याने दगडाचा एक फोटो काढला आणि कोणाकडेही न पाहता कॅमेरा कोटात घातला.

मला वाटले, आता नाझेली आत जाईल, रडेल, निदान आम्हाला शिव्या देईल. ती आत गेली खरी. आली ती निळ्या पडद्यांचे गाठोडे घेऊन. ते तिने माझ्या छातीवर आपटले.

"मला ते घर हवं होतं," ती म्हणाली. "तुम्ही बापलेकींनी हे कधी विसरू नका. मी थोर वगैरे नाही. मला खिडकी हवी होती, नळ हवा होता, माझ्या पोरीचे केस कोरडे हवे होते. अजून हवेत. उद्यापासून मी रोज त्या कचेरीत जाऊन बसणार आहे, आणि तू माझ्याबरोबर येशील, ताई, तो कागद घेऊन. रोज. गाव ज्या नावाचं असेल त्या नावाच्या कचेरीत."

"येईन," मी म्हणाले.

"आणि आता पेन्सिल आण."

मी सुताराची जाड पेन्सिल आणली. ती बादलीवर बसली, मार्चमध्ये बेनिक बसला होता तिथेच, आणि शोघेरला मांडीवर घेतले. बाबा गुडघे टेकून दगडाच्या डाव्या अंगाशी बसले आणि त्यांनी तळहाताने धूळ पुसली. गल्ली हलली नव्हती.

"पहिला मजला, दार एक," नाझेली म्हणाली. "वार्दुश आणि तिचे दोन मुलगे. मोठा मुशेघ. धाकट्याचं नाव..."

"त्सोलाक," गर्दीतून एक बाई म्हणाली. "माझ्या वर्गात होता."

मी लिहीत गेले. मजल्यामागून मजला, दारामागून दार, ती त्या पडलेल्या जिन्यावरून वर चढत होती आणि प्रत्येक दाराशी थांबत होती. चौथ्या मजल्यावर अडलो.

"दार चौदा. अर्धमिश्या."

"खरं नाव?" मी विचारले.

कोणालाच येईना. आमच्या गावात बाप्तिस्म्याचे नाव पाद्री आणि पोलीस यांच्यापुरते असते. बाकी सगळा जन्म हाकेच्या नावावर निघतो.

"ती अर्धी मिशी मीच उडवली होती, सत्तर साली," गास्पार म्हणाला. टोपी अजून त्याच्या हातातच होती, पिळून दोरी झालेली. "वस्तरा घसरला. तेव्हापासून खरं नाव त्यालाही आठवत नसेल."

"दप्तरात सापडेल," मी म्हणाले. "उद्या काढते."

"मला दप्तरातलं नाव नको," नाझेली म्हणाली. "दप्तरातली नावं बदलतात. आम्ही जी हाक मारायचो ती लिही."

मी लिहिले: अर्धमिश्या. बाबांनी त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवून माप घेतले.

"अक्षर केवढं काढू?" त्यांनी विचारले. त्यांनी आयुष्यात कोणाला हे विचारले नव्हते.

"गावाच्या नावाएवढं."

"त्रेचाळीस नावं? तेवढ्या अक्षरात? मावणार नाहीत गं या दगडावर."

"मग दुसरा दगड आणा," नाझेली म्हणाली. गेघामचे दार सहाव्या मजल्यावर होते, आणि ती घाई करत नव्हती. "पाचवा मजला, दार सतरा."